कारखान्यातली सिस्टर: कोल्हापुरातून व्यावसायिक आरोग्य परिचर्येत शिक्षण आणि करिअर

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत एखाद्या कारखान्याला सिस्टर किंवा ब्रदर हवेत असं कळलं की अर्ज भराभर येतात. मुलाखतीत डॉक्टर एखाद्या कामगाराचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पुढे सरकवतात आणि ‘यात काय दिसतं?’ असं विचारतात, तिथं बऱ्याच जणांची गाडी अडते. सलाईन लावता येतं, ड्रेसिंग करता येतं, पण ४००० हर्ट्झवर रेषा खाली का बसली हे कॉलेजात कुणी निवांत शिकवलेलं नसतं.

या क्षेत्राची आपल्याकडं तयार शिडी नाही. डॉक्टरांसाठी एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, पण तो एमबीबीएसनंतरचा आहे. नर्सिंगच्या पदवीवर त्याला प्रवेश मिळत नाही. कुणी ‘नर्सेससाठी एएफआयएच’ म्हणून फी मागत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आपली शिडी आपणच बांधायची, आणि तिचा क्रम असा: कॅज्युअल्टीचा अनुभव, तपासण्यांचं तंत्र, कायद्याची ओळख, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण. क्रम उलटा केला की एम.एस्सी. झालेली पण फौंड्रीत साचा फोडताना, म्हणजे शेकआऊट, कधी न बघितलेली नर्स तयार होते, आणि कारखाना तिला आठवड्यात ओळखतो.

आधी कारखाना ओळखा

व्यावसायिक आरोग्य परिचर्या म्हणजे कारखान्यात बसून गोळ्या वाटणं नव्हे. काम माणसाच्या शरीराला काय करतं आणि माणसाचं शरीर त्या कामाला पुरं पडतं का, या दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यासारखी शाळा शोधून सापडणार नाही, कारण तासाभराच्या अंतरात चार-पाच वेगवेगळे धोके बघायला मिळतात.

फौंड्रीपासून सुरुवात करा. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते. ओल्या वाळूत ती फारशी उडत नाही. ओतकाम झाल्यावर साचा फोडताना, म्हणजे शेकआऊटला, आणि त्यानंतर फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करताना, ती सगळ्यात बारीक होऊन हवेत येते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारी धूळ दिसतच नाही, म्हणून ‘आमच्याकडं आता धूळ नाही’ या वाक्यावर विसंबू नका. सिलिकोसिस बहुधा दहा-पंधरा वर्षांनी उमटतो, धुळीचं प्रमाण फार असेल तर त्याआधीही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि अशा माणसाला क्षयाचा धोका जास्त असतो. त्यामुळं फेटलिंगच्या कामगाराचा खोकला दोन आठवडे टिकला तर ‘धुळीचाच आहे’ म्हणून सोडून द्यायचा नाही, थुंकीची तपासणी करून घ्यायची.

भट्टीजवळ आणि ओतलेल्या साच्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड असतो. डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून कामगार ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, येतो. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवतो, आणि नवी सिस्टर त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवते. साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. अशा वेळी आकड्याकडं बघायचं नाही. माणूस कुठून आला ते विचारायचं, नॉन-रिब्रीदर मास्कनं जास्तीत जास्त ऑक्सिजन सुरू करायचा, डॉक्टरांना फोन करायचा आणि त्याच जागेवर अजून कोण काम करतंय ते बघायला सुपरवायझरला पिटाळायचं. एकाचं डोकं दुखत असेल तर बहुतेक वेळा शेजाऱ्याचंही दुखत असतं.

इचलकरंजीला गेलात तर मागांचा आवाज. मागाजवळ उभं राहून शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं तर पातळी तपासण्यासारखी आहेच. नियमांच्या तक्त्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि पुढं दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला चार तास, १०० ला दोन तास, १०५ ला एक. सूतगिरणीत कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस असतो. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरेल तशी सैल होते. पुस्तकात त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हटलेलं असतं. पण ज्या कारखान्याची सुट्टीच सोमवारी असते तिथं ‘सोमवारी त्रास होतो का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. प्रश्न ‘सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी’ असा विचारा.

साखर कारखान्यात बॉयलरची उष्णता, सल्फर डायऑक्साइड, चुना आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. ताज्या बगॅसपेक्षा साठवून बुरशी आलेलं बगॅस जास्त त्रास देतं. ते हलवल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते, आणि सगळे त्याला फ्लू समजतात. शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा वसाहतींतल्या क्रोम प्लेटिंगच्या शॉपमध्ये कामगाराचे हात आणि नाक बघायची सवय लावा. क्रोमियमच्या फवाऱ्यानं बोटांवर न दुखणाऱ्या खोल जखमा होतात आणि नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. दुखत नसल्यानं कामगार स्वतः सांगत नाही. हुपरीच्या चांदीकामात नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर असतो. तो छातीत गेल्यावर माणूस दोन-चार तास ठीक दिसतो आणि रात्री फुफ्फुसात पाणी होऊन खालावतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं तरी घरी सोडायचं नसतं.

नोकरी कायद्यातून येते, म्हणून कायदा वाचा

कारखान्यांना नर्स हवी असते याचं मुख्य कारण कायदा आहे, आणि ते बरंच आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून जास्त कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम लागत होती. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी कलम ४१-क मध्ये कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतरानं वैद्यकीय तपासणी, आरोग्याच्या नोंदी, आणि त्या नोंदी कामगाराला बघायला मिळण्याचा हक्क, हे सगळं आलं. अशा कारखान्यांच्या नियमांत कामगारसंख्येनुसार ओएचसीचा दर्जा ठरतो. ५० पर्यंत नेमून ठेवलेला डॉक्टर, ५१ ते २०० ला अर्धवेळ डॉक्टर आणि ड्रेसर-कंपाउंडर, आणि २०० च्या वर पूर्णवेळ डॉक्टर, किमान १५ चौरस मीटरच्या दोन खोल्या आणि कामाच्या सर्व वेळात एक नर्स. म्हणजे नर्सचं पद साधारण २०० च्या वरच्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात पक्कं. १२० कामगारांच्या फौंड्रीत ‘नर्स’ म्हणून घेतलं तरी कागदावर तुम्ही बहुधा ड्रेसर असता. पगाराची बोलणी करण्यापूर्वी हे ठाऊक हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी हा तिच्यातला सगळ्यात जास्त चर्चा झालेला भाग. आपल्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा की स्पायरोमेट्री (फुफ्फुसाची तपासणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करणाऱ्या हातांचं काम वाढणार. ५०० हून जास्त कामगारांना ॲम्ब्युलन्स रूम ही अट संहितेतही आहे. कारखान्यातली जुनी माणसं अजून जुन्या कलमांचे आकडे बोलतात, त्यामुळं दोन्हींची ओळख ठेवा. मुलाखतीला जाण्यापूर्वी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर चालू नियम एकदा बघून घ्या.

सूचित रोगांची, म्हणजे सरकारला कळवावे लागणाऱ्या आजारांची, यादी पाठच करा. सिलिकोसिस, बिसिनोसिस, आवाजानं आलेला बहिरेपणा, शिशाची विषबाधा आणि क्रोमियमच्या जखमा हे त्यातले कोल्हापूरच्या कामाचे. यांपैकी काही आढळलं तर कळवणं कारखान्याची आणि डॉक्टरांची जबाबदारी आहे. नर्सचं काम म्हणजे शंका वेळेत डॉक्टरांच्या टेबलावर लेखी ठेवणं. तोंडी सांगितलेली शंका सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

नोंदणी आणि पहिली दोन वर्षं

जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. दोन्हींवर ओएचसीत काम मिळतं, पण पुढं शिकायचं असेल तर पदवी लागतेच. जीएनएम झालेल्यांनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करावं. बारावीनंतर ठरवत असाल तर थेट बी.एस्सी. करा, वर्ष वाचतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे ना आणि नूतनीकरणाची तारीख कोणती, हे दोन्ही आधी तपासा. कारखान्याच्या ऑडिटमध्ये पहिला कागद तोच मागतात, आणि मुदत संपलेली नोंदणी म्हणजे ओएचसीत नर्सच नाही असं धरलं जातं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांकही काढून ठेवा. परदेशी अर्जाच्या वेळी धावपळ वाचते.

पास झाल्यावर लगेच कारखान्यात जाऊ नका. तिथं बऱ्याचदा डॉक्टर आठवड्यातून काही तासच येतात, रातपाळीला तुम्ही एकटे असता. भाजलेला, तुटलेल्या बोटाचा, विजेचा धक्का बसलेला माणूस तुमच्यासमोर येतो आणि मागं विचारायला कुणी नसतं. किमान दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा ट्रॉमा करा. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जे एका महिन्यात बघायला मिळतं ते वॉर्डात वर्षभर मिळत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) रुग्णालयात काम मिळालं तर दुहेरी फायदा. रुग्ण कारखान्यातलेच असतात, आणि अपघाताचा अहवाल, रजेचा दाखला, अपंगत्वाचा लाभ हे कागद कसे फिरतात ते कळतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरीचे कामगार ईएसआयखाली येतात. त्यावरच्या कामगाराची भरपाई वेगळ्या वाटेनं जाते.

या दोन वर्षांत बीएलएस आणि एसीएलएस हे जीवरक्षणाचे कोर्स करून टाका, त्यांची वैधता दोन वर्षांची असते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स नर्सला बालिश वाटतो, पण कारखान्यात कामगारांना प्रथमोपचार तुम्हालाच शिकवायचा असतो आणि त्यांच्या भाषेत तो कसा सांगायचा ते तिथं कळतं.

कॅज्युअल्टीत असताना तीन गोष्टी मुद्दाम हाताखाली घाला. एक, भाजणं. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. वितळलेला धातू बुटात शिरला असेल तर बूट ओढून न काढता आधी थंड करायचा, मग कापायचा. दोन, डोळा. रसायन गेलं तर तपासत बसायचं नाही, लगेच किमान १५ मिनिटं धुवायचं, पापणी उलटून धुवायचं, आम्लाला अल्कली घालून ‘मारायचं’ नाही. ग्राइंडिंगचा कण बुबुळात रुतला असेल तर तो काडीनं काढायचा नाही. डोळा फुटल्याची शंका असेल तर दाब न देता कडक कवच लावून पाठवायचं. तीन, तुटलेलं बोट. ओल्या गॉजमध्ये, मग कोरड्या प्लास्टिक पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं की गोठून वाया जातं, ही चूक अजून होते.

स्पायरोमेट्री आणि ऑडिओमेट्री: हातातलं खरं हत्यार

या दोन तपासण्या नीट येणारी नर्स कमी मिळते, त्यामुळं इथं जास्त वेळ घाला.

स्पायरोमेट्री म्हणजे कामगाराला फुंकायला लावणं, एवढंच नाही. दिवसाची सुरुवात ३ लिटरच्या सिरिंजनं यंत्र तपासून करा. फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे वाचन २.९१ ते ३.०९ लिटरच्या मध्ये. उंची बूट काढून प्रत्यक्ष मोजा. कामगारानं सांगितलेली उंची लिहिली तर अपेक्षित आकडाच चुकतो आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो. तपासणीआधी एक तास विडी-सिगारेट नको, घट्ट पट्टा सैल करायला सांगा, पोट तुडुंब भरलेलं नको. अलीकडं हृदयविकाराचा झटका, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, खोकल्यातून रक्त, असं काही असेल तर तपासणी थांबवून डॉक्टरांना विचारा.

मग सूचना. ‘फुंका’ म्हटलं की लोक मेणबत्ती विझवल्यासारखं फुंकतात. ‘छाती गच्च भरून घ्या, ओठ घट्ट लावा, एकदम जोरात सोडा, सोडत राहा, अजून, अजून’ हे प्रत्येक वेळी स्वतः उभं राहून, हातवारे करून सांगावं लागतं. एका सकाळी चाळीस माणसं झाली की आवाज बसतो आणि शेवटच्या दहांचे निकाल बिघडतात. दोष त्यांच्या फुफ्फुसाचा नसतो, तुमच्या थकव्याचा असतो. एका बैठकीत वीस-पंचवीसच घ्या. तीन चांगले प्रयत्न हवेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसीमध्ये (एकूण सोडलेली हवा) आणि दोन एफईव्ही-१ मध्ये (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांनंतर थांबा, दुसऱ्या दिवशी बोलवा. आलेख बघायला शिका: सुरुवातीचं टोक बोथट असेल तर जोर कमी, पहिल्या सेकंदात दात पडला असेल तर खोकला, शेवटी रेषा एकदम कड्यासारखी तुटली असेल तर लवकर सोडलं. असा आलेख ‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणून फाइलला लावणं म्हणजे माणसाच्या नोकरीशी खेळ आहे. कापूस-धुळीच्या कामगाराची तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा केली तरच तिचा काही उपयोग.

ऑडिओमेट्रीत पाया म्हणजे बेसलाइन, म्हणजे कामावर घेतानाचा पहिला ऑडिओग्राम. तो चुकला तर पुढची सगळी वर्षं चुकतात. कामगार आधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर हवा. रातपाळी संपवून थेट आला असेल तर कानाला तात्पुरता बधिरपणा असतो, त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा. मोटरसायकलवर लांबून आलेला, आदल्या रात्री लग्नाच्या वरातीत डॉल्बीपुढं नाचलेला, हेही विचारा. कोल्हापुरात हा प्रश्न वगळून चालत नाही. ओटोस्कोपनं कान बघा, मळाचा गोळा असेल तर आधी तो काढून घ्या. ५०० ते ८००० हर्ट्झपर्यंत, ३००० आणि ६००० न वगळता, दोन्ही कान. आवाजाचा बहिरेपणा साधारण ४००० च्या आसपास खड्डा पाडतो आणि ८००० ला रेषा परत वर येते. वयाच्या बहिरेपणात ती वर येत नाही. बेसलाइनच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी एका कानात १० डेसिबल किंवा जास्त घसरली तर पुन्हा तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. बूथ कंप्रेसरच्या शेजारी ठेवलेला असेल तर कमी पट्टीचे सगळेच निकाल वाईट येतील. यंत्र वर्षातून एकदा कॅलिब्रेट झालेलं असावं, आणि रोज सकाळी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ऐकावा.

हे शिकायचं कुठं? छातीच्या आणि कान-नाक-घशाच्या ओपीडीत तंत्रज्ञांसोबत सुट्टीच्या दिवशी बसायची परवानगी मागा. ती बऱ्याचदा मिळते. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथं व्यावसायिक आरोग्यावर छोटे प्रशिक्षण वर्ग होतात. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आयसीएमआरची आहे, तिच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. प्रत्येक वर्गाचं प्रमाणपत्र आणि तुम्ही केलेल्या तपासण्यांची संख्या एका वहीत, तारखेसह, पर्यवेक्षकाच्या सहीनं. नावं लिहायची नाहीत. मुलाखतीत ही वही पदवीइतकीच बोलते.

ओएचसीत रुजू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडून लेखी स्थायी आदेश घ्या: ते नसताना कोणत्या तक्रारीत कोणतं औषध, किती मात्रा, आणि कोणत्या क्षणी रुग्णवाहिका. त्यावर सही आणि तारीख हवी. आदेशाशिवाय इंजेक्शन देणं म्हणजे स्वतःची नोंदणी पणाला लावणं. ‘सिस्टर, नेहमीचंच द्या’ म्हणून मॅनेजर आला तरी.

त्यानंतर आठ दिवस रोज अर्धा तास शॉपफ्लोअरवर फिरा. कुठं काय वापरतात, आयवॉशला पाणी येतं का, कानात प्लग नुसते लटकवलेत की घातलेत, हे बघा. रसायनांच्या सुरक्षा पत्रकांची फाइल ओएचसीत आणून ठेवा, स्टोअरच्या कपाटात तिचा रात्री अडीच वाजता उपयोग नाही. टिटॅनसच्या नोंदी, औषधांच्या मुदती, ऑक्सिजन सिलिंडरचा दाब याची साप्ताहिक यादी करा. वापरलेल्या सुया आणि बँडेज जैववैद्यकीय कचऱ्यात जातात, फौंड्रीच्या भंगारात नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे गोपनीयता. एचआरला कळवायचं ते एवढंच: कामास योग्य, अमुक निर्बंधासह योग्य, किंवा तात्पुरता अयोग्य. योग्यतेचा निर्णय आणि सही डॉक्टरांची. मधुमेह, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भारपण यातलं काहीही एचआरच्या एक्सेलमध्ये जाता कामा नये. एकदा गेलं की कामगार खरं सांगायचं बंद करतात, आणि मग तुमच्या तपासण्यांत फक्त आकडे उरतात. नोंदी जपायच्याही लांब मुदतीच्या असतात. ॲस्बेस्टॉस उद्योगाबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये रुजू झाल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तिथपर्यंत नोंदी ठेवायला सांगितलं. सिलिकाच्या बाबतीतही तेवढीच शिस्त पाळलेली बरी.

पुढचं शिक्षण: कुठं वेळ घालावा, कुठं नको

आपल्याकडं या विषयाला सर्वांत जवळची पदव्युत्तर पदवी म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, कम्युनिटी हेल्थ. अभ्यासक्रमात व्यावसायिक आरोग्याचा स्वतंत्र भाग आहे. मेडिकल-सर्जिकलला प्रतिष्ठा जास्त म्हणून तिकडं वळणारे बरेच असतात, पण कारखान्यासाठी कम्युनिटीच घ्या. अट साधारण अशी: बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. बी.एस्सी. झालेल्यांचा अनुभव पदवीनंतरचा धरतात. अनुभवाच्या दाखल्यावर ‘पासून-पर्यंत’ तारखा आणि बेडसंख्या नसेल तर अर्ज अडकतो, तो दाखला नोकरी सोडतानाच नीट करून घ्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आणि कोल्हापुरातच अभिमत विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज, यांच्या प्रवेशाच्या वाटा वेगळ्या असतात. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

एम.एस्सी.चा खरा माल म्हणजे प्रबंध. शाळेतल्या मुलींच्या रक्तक्षयावरचा पाचशेवा प्रबंध करण्यापेक्षा फेटलिंगच्या कामगारांचं मास्क वापरणं, मागवाल्यांची श्रवणक्षमता किंवा कांडी भरणाऱ्या बायकांची मानदुखी घ्या. कारखान्याची परवानगी हा मोठा अडथळा आहे. अर्जात ‘सिलिकोसिसचं प्रमाण’ लिहिलं की दार बंद होतं. लेखी द्या की कारखान्याचं नाव छापलं जाणार नाही, कामगारांची नावं कुणालाही दिसणार नाहीत, आणि ज्याला त्रास आढळेल त्याला उपचारासाठी पाठवलं जाईल. हे तिसरं वचन पाळायची सोयही आधी करा. परवानगीला सहा महिने धरा. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळण्यापूर्वी एकही प्रश्नावली भरू नका, सगळी माहिती बाद होते. साखर कारखाना घेणार असाल तर गळीत हंगामातच माहिती गोळा करा. उन्हाळा लागला की हंगामी कामगार गावाला आणि तुमचा नमुना हवेत.

सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच नर्सना खुली असते. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत ती व्यावसायिक आणि पर्यावरणीय आरोग्य या शाखेत होते. पुढं धोरण, संशोधन किंवा मोठ्या कंपनीच्या मुख्यालयात जायचं असेल तर ती वाट चांगली. प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र एम.एस्सी. नर्सिंगच लागतं, एमपीएच तिथं चालत नाही.

औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘ही केली की सेफ्टी ऑफिसर’ असं सांगून प्रवेश घेतात. पण सेफ्टी ऑफिसरच्या नियमांत मूळ पात्रता अभियांत्रिकीची किंवा भौतिकशास्त्र अथवा रसायनशास्त्राची अशी आहे. नर्सिंगच्या पदवीवर ती पदविका जोडून ते पद मिळत नाही. धोक्याची ओळख, परमिट सिस्टीम, ऑडिट शिकायला तिचा उपयोग होतो, पण त्यासाठी ब्रिटनच्या नेबॉश संस्थेचा सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा आयएसओ ४५००१ या सुरक्षा-मानकाच्या अंतर्गत ऑडिटरचा छोटा वर्ग नर्सला जास्त सोयीचा पडतो.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेतल्या एबीओएचएन या व्यावसायिक आरोग्य नर्सच्या मंडळाची सीओएचएन आणि सीओएचएन-एस ही प्रमाणपत्रं लक्षात ठेवा. दुसऱ्याला पदवी लागते. दोन्हींत अनुभवाच्या वाटेनं जाणाऱ्यांना गेल्या पाच वर्षांत व्यावसायिक आरोग्यातले ३,००० तास दाखवावे लागतात. म्हणून ओएचसीच्या नियुक्तिपत्रात पदाचं नाव ‘ऑक्युपेशनल हेल्थ नर्स’ असं लिहून घ्या. ‘फर्स्ट एड असिस्टंट’ लिहिलं तर ते तास सिद्ध करताना घाम फुटतो. ब्रिटनमध्ये आधी एनएमसी या तिथल्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत यावं लागतं आणि त्यानंतर व्यावसायिक आरोग्याची विशेष नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रम. आखातात तेल आणि बांधकाम कंपन्यांच्या साइट क्लिनिकला ओएचसीचा अनुभव उपयोगी पडतो, पण कागदपत्रांच्या डेटाफ्लो पडताळणीला महिने लागतात. जुन्या रुग्णालयाचं नाव बदललं किंवा ते बंद पडलं तर दाखला तपासणारं कुणी राहत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी

पगार कंपनीच्या मस्टरवर की ठेकेदाराच्या, हे पहिलं विचारा. ठेकेदाराच्या मस्टरवर असाल तर दरवर्षी ठेका बदलतो, सलग अनुभव तुटतो आणि पीएफची खाती तीन होतात. डॉक्टर आठवड्यात किती तास येतात, बाकीच्या वेळी फोनवर कोण, रातपाळीला एकटं बसावं लागतं का, महिला असाल तर रातपाळीची लेखी संमती आणि ने-आण करणारी गाडी शहरापर्यंत की फक्त महामार्गाच्या फाट्यापर्यंत, हे स्पष्ट करून घ्या. रुग्णवाहिका कंपनीची की बोलावून आणायची, आणि गर्दीच्या वेळी ती जवळच्या रुग्णालयात पोचायला किती मिनिटं घेते, हे एकदा स्वतः बसून मोजा.

शेवटचा मुद्दा कामाच्या यादीचा. हजेरी, गणवेशवाटप, कँटीनची कुपनं ही कामं ‘सिस्टर तशाही रिकाम्या असतात’ म्हणून ओएचसीकडं सरकतात. यादीत ती नसतील तर नम्रपणे परत पाठवता येतात. यादीच नसेल तर वर्षभरात ऑडिओमीटरवर कुपनांचे गठ्ठे दिसतात.